आमच्या घरची विमा कंपनी

कारखान्यातल्या कामगारांचं ईएसआय वगैरे सोडलं, तर आपल्या देशात आरोग्य विमा सरसकट सक्तीचा नाही. आमच्या कुटुंबात मात्र तो पहिल्यापासून सक्तीचा आहे आणि त्याची कंपनी म्हणजे मी. घरात एक तारखेला पगार होणारा मी एकटाच. बाकी कुणाचं पोफळीचं कुळागर, कुणाचं दुकान, कुणाचं नुसतंच मत. या योजनेत फॉर्म नाही, हप्ता नाही, वैद्यकीय तपासणी नाही. अवेळी फोन वाजतो, "जरा इस्पितळात ये. येताना कार्ड आण." समोरच्यासाठी याहून कॅशलेस काय असणार?

मतवाले म्हणजे आमचे तात्या, माझे धाकटे काका. चवथीला गोव्यात फोंड्याकडच्या मूळ घरी सगळे जमलो आणि गणपतीवरची फळांची माटोळी बांधून हात मोकळे झाले, की हा विषय निघतोच. तात्यांची भूमिका ठाम. "शरीर माझं, जबाबदारी माझी. सरकार कोण सक्ती करणार?" हे बोलताना त्यांच्या हातात तिसरी नेवरी असते आणि रक्तातल्या साखरेचा रिपोर्ट कपाटात.

पुण्याचा चुलतभाऊ अशा वेळी अभ्यास करून आलेला असतो. "तात्या, जर्मनीत बिस्मार्कने 1883 मध्येच कामगारांना आजारपणाचा विमा सक्तीचा केला. आणि तुम्ही स्कूटरचा विमा उतरवताच की! तो तर मोटार वाहन कायद्याने सक्तीचा आहे."

"तो दुसऱ्याला धडकलो तर म्हणून. मी आजारी पडलो तर कोणाला धडकतो?"

मला, असं मी म्हणणार होतो. पण काकी खतखतें वाढत होती.

मग चुलतभावाने स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला. अमेरिकेत ओबामांच्या विमा कायद्यावर 2012 मध्ये सुप्रीम कोर्टात सुनावणी चालली होती, तेव्हा न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी विचारलं होतं, की सरकार विमा घ्यायला लावू शकतं, तर उद्या ब्रोकोलीही घ्यायला लावेल का? तात्यांनी ब्रोकोली जन्मात खाल्लेली नाही, पण तेवढ्यावर त्यांनी मांडीवर अशी थाप मारली की पानातली कढी हलली. "बघ! आज विमा, उद्या कारलं!" विमा न घेणाऱ्यांवरचा दंड कोर्टाने पुढे कर म्हणून वैध ठरवला आणि 2019 पासून तो दंडच शून्यावर आला, हे ऐकायला ते थांबले नाहीत.

त्यांचा हुकमी एक्का वेगळा. "बांबोळी आसा मरे!" तात्यांचं हे म्हणणं मात्र खोडून काढणं कठीण. पोर्तुगीजांनी 1842 मध्ये काढलेल्या वैद्यकीय शाळेपासून चालत आलेलं बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोव्याचं सरकारी मेडिकल कॉलेज, आमच्या भरवशाचं ठिकाण. शेजारच्या सिंधुदुर्गातूनही माणसं तिथे येतात. शिवाय 2016 पासून गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड आहे. तिघांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, त्याहून मोठ्याला चार लाख. तात्यांकडेही ते कार्ड होतं. नूतनीकरण तेवढं राहिलं होतं, कारण आपल्याला काय होतंय?

झालं ते पित्ताशयात. खडे. आणि दुखायला लागल्यावर पहिलं वाक्य आलं, "बांबोळीला नको, तिथे गर्दी असते." वैयक्तिक जबाबदारी खाजगी इस्पितळात दाखल झाली आणि मला फोन आला.

बिल मी काउंटरवर उभा राहून ओळ न ओळ वाचलं. ऑपरेशन, भूल, खोली, इथवर ठीक. मग हातमोजे, कापूस, थर्मामीटर आणि 'ॲडमिशन किट'. किटमध्ये साबण, टूथब्रश आणि कंगवा. तात्यांच्या डोक्यावर मी शाळेत होतो तेव्हापासून केस नाहीत. मी कंगव्याकडे बोट दाखवलं. काउंटरवरची मुलगी गोड हसून म्हणाली, "पूर्ण सेटच येतो, सर." विमा असता तरी असल्या किरकोळ वस्तू बहुतेक पॉलिसी देत नाहीत, हे मला तिनेच सांगितलं. म्हणजे कंगव्याची जबाबदारी जगात कुठल्याही विचारसरणीत माझीच.

घरी आल्यावर तात्यांनीच एजंट बोलावला. पासष्टीनंतर नवी पॉलिसी मिळणार नाही, ही अट 2024 मध्ये गेली, हे त्यांना कुठून तरी कळलं होतं. हप्त्यावरचा अठरा टक्के जीएसटी सप्टेंबर 2025 पासून उठला, हेही पाठ. आजारी माणसासारखा कायद्याचा अभ्यासक नाही. फॉर्म भरताना 'मद्यपान करता का? प्रमाण?' हा रकाना आला. तात्या म्हणाले, "नाही." काकी आतून म्हणाली, "उर्राक?" तात्या म्हणाले, "ते हंगामी." एजंटने रकाना उलटसुलट पाहिला. हंगामीची सोय नव्हती.

मग जुन्या दुखण्यांचा खर्च मिळायला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, हे कळलं. साखर जुनी. हप्त्याचा आकडा ऐकून तर तात्यांनी चष्मा काढून पुसला.

"एवढा का?"

"कारण बरे असताना कोणी येत नाही हो," एजंट म्हणाला. "सगळे तुमच्यासारखे दुखल्यावर येतात. तरणीताठी माणसं भरतील तर तुमचा उतरेल."

त्या दिवसापासून तात्या सक्तीचे कट्टर पुरस्कर्ते आहेत. बिस्मार्कचं साल आता तेच सांगतात. परवा जिममधून आलेल्या नातवाला त्यांनी सोप्यावरच अडवलं. "तू विमा काढ. तुला काही होत नाही, म्हणूनच काढ."

"शरीर माझं, जबाबदारी माझी, आजोबा."

"हो का? आणि बिल?"

दोघांनीही एकदमच माझ्याकडे पाहिलं.