साठ लिहिलंय तर साठच लावा

आज डोकं जाम फिरलंय, पोस्ट लांब होणार, वेळ नसेल त्यांनी पुढे जा.

पुण्याजवळच्या एका छोट्या लोकल शोला, म्हणजे घोड्यावरून अडथळे उडायच्या स्पर्धेला, लेकीला घेऊन गेलो होतो. शेड्यूलमध्ये चक्क छापलंय, बिगिनर क्लास (नवशिक्यांचा गट), फेन्स म्हणजे अडथळे 60 सेंटिमीटर उंच. लेक तेवढ्याच तयारीने आलेली, क्रॉस (फुलीसारखे लावलेले दोन पोल) आणि साध्या व्हर्टिकलवरून (एकावर एक आडवे पोल) नीट जाते, कॅंटरमध्ये (संथ दौडीत) अजून थोडी डगमगते. कोर्स वॉकला (स्पर्धेआधी पायी फिरून फेन्स बघायला) आत शिरलो तर तीन नंबरला ऑक्सर (पुढेमागे पोल लावलेली रुंद फेन्स), पुढचा-मागचा पोल एकाच उंचीला, खाली निळंपांढरं चकचकीत फिलर (पोलखालची मोकळी जागा भरणारी फळी), आणि उंची माझ्या अर्ध्या मांडीला लागतेय. हे साठ?? आयोजकांना विचारलं तर म्हणे, "अहो ताई, पाच-दहा सेंटिमीटरने घोड्याला काय फरक पडतो!"

घोड्याला नाही पडत, मान्य. रेसकोर्सवरून रिटायर झालेला आमचा शेरा 80 सुद्धा सहज मारेल. पण पाठीवर बसलेल्या पोरीला पडतो ना फरक! फेन्स मोठी दिसली की पोर घाबरून लगाम आवळते, नाहीतर आधीच पुढे झुकते, घोडा उडाला की मागे राहते आणि लगामाचा हिसका थेट त्याच्या तोंडात. असं दोनदा-तीनदा झालं की घोडा शिकतो, उडी मारली की तोंड दुखतं, मग कशाला मारा. पुढे महिनोन्महिने तो प्रत्येक फेन्सपुढे थांबतो आणि सगळे म्हणतात घोडा बिघडला.

तर त्या ऑक्सरपुढे शेरा थांबला. लेक मानेवर गेली, पडली नाही, स्वतःच मागे सरकून बसली, वळवून परत आणला, परत थांबला. घंटा. एलिमिनेट, म्हणजे बाद. बाहेर आली तेव्हा रडत नव्हती, शेराचा घामेजलेला मानेचा भाग चोळत मला विचारते, "आई, त्याला माझा राग आला का गं?" काय उत्तर देणार मी.

आणि आयोजकांना एकट्यांनाच बोलून उपयोग नाही. आपण पालक काय कमी आहोत? "अजून साठच का, त्यांची तर ऐंशी मारते" हे रिंगच्या कडेला मी माझ्या कानांनी ऐकते. मग कोचवर दबाव, कोचचा आयोजकांवर, आणि बिगिनर क्लासची उंची गुपचूप स्टँडच्या एकेका भोकाने वर. ऑलिंपिकला फेन्स 1.60 मीटरच्या आसपास असतात, पण तिथे पोचलेला प्रत्येक जण कधीतरी जमिनीवर ठेवलेल्या पोलवरून ट्रॉटच (दुडकी चाल) करत होता ना!

एवढ्याशा रिंगमध्ये भर उन्हात पोल आणि स्टँड हलवणारे सईस (घोड्यांची देखभाल करणारे) सकाळपासून उभे असतात, प्रत्येक क्लासला कोर्स बदलणं सोपं नाही, हेही खरंय. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही, उलट शेराला पाणी त्यांनीच आणून दिलं. पण कप (पोल टेकवायचे आधार) दोन भोकं खाली घ्यायला कितीसा वेळ लागतो? ऑक्सर हवाच असेल तर पुढचा पोल खाली ठेवा, मागचा थोडा वर, फिलर काढा. पहिली फेन्स क्रॉस द्या. दोन फेन्समधलं अंतर असं ठेवा की ट्रॉटमध्ये येणाऱ्या पोरालाही जमेल, सगळ्यांचा घोडा 12 फुटांची स्ट्राइड (ढांग) टाकत नाही, पोनीवर बसलेली मुलंही त्याच क्लासला असतात.

मुलांना आव्हान हवं म्हणणाऱ्यांसाठी 70, 80 चे क्लास आहेत की त्याच दिवशी, तिथे घाला नाव! त्या ऑक्सरला आज आमचीच नाही, बाकीचीही पोरं अडकली, आणि एक तर एवढुसा, हेल्मेटचा पट्टा सुद्धा आई लावून देत होती त्याला.

पुढच्या शोला कोर्स वॉकच्या वेळी मी मोजपट्टी घेऊन उभी राहणार आहे. ज्यांची मुलं बिगिनरला उतरतायत त्यांनी कमेंटमध्ये हात वर करा, आयोजकांना सगळ्यांच्या सहीचं एक पत्र देऊ, एंट्री फी भरायच्या आधी.