१०० वॅटचा बल्ब आणि ३० चा फ्यूज: हा मेसेज पुढे पाठवण्याआधी वाचा

टेम्पोवाल्यांच्या ग्रुपवर सध्या हेडलाइटबद्दल एक मेसेज फिरतोय. तो माझ्या आतेभावापर्यंत पोचला आणि त्याने त्यातलं अर्धं करूनही टाकलं, म्हणून हे लिहायला बसलो. आतेभाऊ कळव्याचा. पहाटेच्या आधी वाशीच्या एपीएमसीतून भाजी भरतो आणि घोडबंदर रोडला पोचवतो. गायमुखच्या चढणीला समोरून कंटेनर येत असतात, पावसात रस्ता दिसत नाही, हेडलाइट मिणमिणते. त्याची तक्रार शंभर टक्के खरी आहे. त्याला मिळालेला सल्ला मात्र गाडी पेटवणारा आहे.

मेसेज थोडक्यात असा (६०/५५ म्हणजे अप्परला, लांबच्या झोताला, ६० वॅट आणि डिप्परला, खालच्या झोताला, ५५): ‘कंपन्या पैसे वाचवायला बारीक वायर आणि ६०/५५ वॅटचे बल्ब देतात. १००/९० चा बल्ब टाका, उजेड दुप्पट. फ्यूज उडाला तर १५ चा काढून ३० चा टाका, परत उडणार नाही. होल्डर गरम होतो, ते नॉर्मल आहे. रिलेचं किट घेऊ नका, त्याने बॅटरी उतरते. पासिंगच्या (आरटीओ तपासणीच्या) दिवशी जुना बल्ब लावा.’

आधी फ्यूजचं बोलू, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे आहे.

फ्यूज असतो वायर वाचवायला. कंपनीने १५ चा, म्हणजे १५ अँपिअरचा, दिलाय याचा अर्थ त्याच्या पुढची वायर, कॉम्बी स्विचचे (स्टिअरिंगजवळच्या स्विचचे) पॉइंट, कपलर (वायरी जोडणारा प्लग), होल्डर हे सगळं तेवढ्याच हिशोबाने बसवलेलं आहे. १२ व्होल्टला ६० वॅटचे दोन बल्ब १० अँपिअर घेतात. १०० चे दोन लावले की जवळजवळ १७. या लोडवर १५ चा फ्यूज लगेच उडेलच असं नाही. थोडा जादा करंट तो काही वेळ सोसतो, तापत राहतो आणि मग मध्येच कधीतरी जातो. लोकांना वाटतं फ्यूजच हलका निघाला. अरे, तो सांगतोय की पुढच्या वायरला हे झेपत नाहीये!

आता तिथे ३० चा खोचला. वायर तीच, स्विच तोच. पावसाळ्यात कुठेतरी वायर पत्र्याला घासली, आवरण सोललं, ओल शिरली आणि २५ अँपिअर वाहायला लागले. सरळ पूर्ण शॉर्ट झाला तर ३० चाही उडेल, पण असा अर्धवट शॉर्ट त्याला जाणवतही नाही. तो शांत बसून राहतो आणि बारीक वायर डॅशबोर्डच्या मागे सबंध लांबीभर तापते. पीव्हीसी मऊ पडतं, शेजारच्या वायरींना चिकटतं, मग त्यांचाही शॉर्ट. वास येईपर्यंत आतली वायरिंग गेलेली असते, आणि तिथे जळायला प्लास्टिक आणि फोम भरपूर असतो. हा सल्ला लिहिणाऱ्याने एकदा तरी जळलेला हार्नेस, म्हणजे गाडीतल्या वायरींचा जुडगा, हातात धरून बघावा.

‘होल्डर गरम होतो, नॉर्मल आहे’ हे याचंच पुढचं पाऊल. करंट १० चा १७ झाला म्हणजे उष्णताही तेवढ्याच पटीने वाढली असं कुणालाही वाटेल. ती करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळपास पावणेतीन पट. समजा बॅटरीपासून बल्बपर्यंत वायर, स्विच, कपलर मिळून ०.१ ओहम रोध आहे. १० अँपिअरला या वाटेवर १० वॅट उष्णता होते, १७ ला २८ वॅट. रेडिओ दुरुस्तीवाल्याची छोटी सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते. ही उष्णता सगळ्या वायरीवर सारखी पसरत नाही. जिथे पिन ढिली किंवा काळी पडलेली, तिथे ती गोळा होते. आतेभावाच्या टेम्पोचा डावा होल्डर मी काढला तेव्हा प्लास्टिक तपकिरी होऊन एका बाजूने बसलं होतं, पिन हाताने हलत होती. बल्बची काच तापणारच, ते नॉर्मल. मागचा होल्डर आणि वायर हात लावता येणार नाही इतकी तापली तर ते नॉर्मल नाही.

आता ‘उजेड दुप्पट’. ६०/५५ हा आकडा कुठल्या कंपनीने कंजूषपणाने ठरवलेला नाही. या बल्बला एच-४ म्हणतात. त्याचं माप संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमावली क्रमांक ३७ मध्ये आहे आणि आपल्याकडचं एआयएस ०३४ हे मानकही त्याच धर्तीचं आहे. १३.२ व्होल्टला अप्परची फिलामेंट १६५० ल्युमेन (उजेडाचं एकक), डिप्परची १००० ल्युमेन, दोन्हींत १५ टक्के कमी-जास्त चालतं. वीज जास्तीत जास्त ७५ आणि ६८ वॅट. म्हणजे उजेडालाही वरची मर्यादा आहे, आणि ती असण्याचं कारण रिफ्लेक्टर आहे. फिलामेंटची जागा आणि आकार धरूनच त्याची घडण होते. जाड, जागा सोडून बसलेली फिलामेंट आली की डिप्परची वरची रेघ, जिच्या वर उजेड जायला नको ती, फिसकटते. बंपरपुढचा रस्ता लख्ख होतो, डोळ्याला ‘जास्त दिसतंय’ असं वाटतं, पण लांबचा खड्डा तिथेच अंधारात राहतो. मुसळधार पावसात तर जवळचा झगमगाट आपल्याच डोळ्यांवर उलटतो.

शिवाय छापलेले वॅट बल्बपर्यंत पोचायला हवेत ना? फिलामेंट बल्बचं व्होल्टेज १० टक्क्यांनी घसरलं तर उजेड सुमारे ३० टक्क्यांनी पडतो. आतेभावाचा जुना ६०/५५ चा बल्ब परत लावून, इंजिन चालू ठेवून, डिप्परवर मल्टिमीटर धरला. बॅटरीवर १३.९ व्होल्ट, होल्डरच्या दोन पिनांमध्ये १२.२. पावणेदोन व्होल्ट वाटेत गेले आणि त्यासोबत एक तृतीयांशाहून जास्त उजेड. त्याच वायरिंगवर १०० चा बल्ब लावला तर ही घट आणखी वाढते. पैसे बल्बचे जातात, उष्णता स्विचमध्ये निघते.

म्हणून मेसेजातली एक गोष्ट मला नाइलाजाने मान्य करावी लागते. बऱ्याच जुन्या गाड्यांत हेडलाइटची वायर खरंच बारीक आहे, आणि सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून फिरून येतो. नवीन असताना कसंबसं चालतं, आठ-दहा पावसाळ्यांनी पॉइंट काळे पडतात. रोग बरोबर सांगितला आणि औषध उलटं दिलं.

औषध आहे ते रिले, ज्याला मेसेज नको म्हणतो. रिले म्हणजे थोड्या करंटच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच; मोठा करंट तो बॅटरीतून थेट बल्बला सोडतो. रिलेची कॉइल साधारण ०.१५ ते ०.२ अँपिअर घेते, तेही हेडलाइट चालू असतानाच. बॅटरी उतरण्याची भीती असेल तर १०० चे बल्ब त्याच बॅटरीकडून जवळपास ७ अँपिअर जादा मागतात, त्याबद्दल मेसेजात एक शब्द नाही.

काम असं करून घ्या. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून अडीच एमएमची (म्हणजे अडीच चौरस मिलिमीटरची) तांब्याची वायर, आणि बॅटरीपासून वीतभराच्या आत फ्यूज. ६०/५५ ला १५ चा पुरतो. ती वायर रिलेच्या ३० नंबरच्या पिनेला, ८७ मधून बल्बला. अप्परला एक रिले, डिप्परला वेगळा. हेडलाइटचा जुना कपलर आता फक्त ८५ आणि ८६ ला इशारा देतो, म्हणजे स्विचवरचा भार जवळजवळ संपला. होल्डर सिरॅमिकचे घ्या. अर्थिंग नव्याने ओढा, तीसुद्धा अडीच एमएमचीच. बऱ्याच गाड्यांत व्होल्टेजची खरी घट अर्थिंगलाच असते आणि तिकडे कुणी बघत नाही. वायर पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट (भोकात बसणारं कडं) हवा. रिले पिना खाली करून बसवा, पाणी साचणार नाही. जोड पिळून टेप मारलेले नकोत, थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची टोपी) दाबून घ्या. शेवटी मल्टिमीटर लावायला सांगा: बॅटरी आणि होल्डर यांत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक राहिला तर कुठला तरी जोड कच्चा आहे. नवीन गाड्यांत बहुतेक वेळा रिले कंपनीचाच असतो आणि दिवे कंट्रोल युनिटवर चालतात. तिथे वायर कापायला देऊ नका, वॉरंटीही जाईल.

एवढं झाल्यावर वायरिंग १०० वॅटही पेलेल, मग लावू का, असं आतेभावाने लगेच विचारलं. रस्त्यावर नाही. वायरिंगने पेललं तरी प्लास्टिकचा रिफ्लेक्टर पेलत नाही, त्याचा मुलामा जळतो, पुढची काच पिवळी पडते. आणि समोरून येणाऱ्या बाइकवाल्याच्या डोळ्यांत जे जातं त्याचं काय? ‘पासिंगला जुना बल्ब लावा’ हे वाक्य लिहिणाऱ्यालाही माहीत आहे की हे चालत नाही.  उद्या आग लागली आणि विम्याच्या सर्व्हेअरला १५ च्या जागी ३० चा फ्यूज सापडला, तर त्याच्यासमोर सांगण्यासारखं काय असेल तुमच्याकडे?

त्याला रिले, नवी अर्थिंग आणि चांगल्या कंपनीचे साधे ६०/५५ बल्ब लावून दिले. निळसर ‘सुपर व्हाइट’ही नाहीत, कारण तो निळा थर उजेड अडवतो. आता होल्डरवर १३.५ व्होल्ट येतात. गायमुखला दिसतं का विचारलं तर म्हणाला, कडेचा पांढरा पट्टा दिसतो.

ज्यांनी ग्रुपवर अंगठ्याची खूण टाकून फ्यूज बदललाय त्यांनी आजच फ्यूज बॉक्सचं झाकण उघडा. झाकणावर हेडलाइटसमोर १५ लिहिलेलं असेल तर तिथे निळा फ्यूज हवा. हिरवा दिसला तर तो ३० चा आहे. आधी तो काढा, आणि १०० चे बल्ब उतरवल्याशिवाय रात्री गाडी बाहेर काढू नका.