‘गाडी स्लिप झाली’ असंच सांगा

अपघात झाल्यावर पहिलं काम काय, हे खान्देशात कुणाला शिकवावं लागत नाही. मोडलेला पाय दवाखान्याच्या दारातून आत जायच्या आधीच सोबतचा पुतण्या डॉक्टरांना सांगून मोकळा होतो, "काही नाही साहेब, गाडी स्लिप झाली." तुम्हीही हेच सांगा. ट्रॅक्टरचं नाव काढलं की पोलीस येणार, जबाब होणार, पंचनामा होणार, आणि ट्रॅक्टर निघणार नेमकं आपल्याच सोयऱ्याचं. त्यापेक्षा रस्त्यावर दोष ढकला. रस्ता कुणाचा सोयरा नसतो.

हा सल्ला मी ऐकीव देत नाही. 2022 च्या कापूस हंगामात पारोळा-अमळनेर रस्त्यावर, रात्री आठच्या सुमारास, मी एका उभ्या ट्रॉलीत घुसलो. ट्रॉली पंक्चर होती, कापूस दोन्ही अंगांनी हात-हातभर बाहेर आलेला, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. कापूस मऊ असतो हे खरं, पण त्याच्या खाली लोखंडी फाळका असतो. डाव्या मांडीच्या हाडाचे दोन तुकडे झाले. पुतण्याने वर सांगितलेलं वाक्य टाकलं आणि डॉक्टरांनी केसपेपरवर निळ्या शाईत इंग्रजीत लिहून घेतलं : बाइक स्लिप, सेल्फ फॉल. त्या चार शब्दांची किंमत मला पुढे कोर्टात कळली. तुम्हाला ती आधी कळून उपयोग नाही, मजा जाते.

हेल्मेट घालू नका. जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा डोकं शिजतं, हे कारण आपल्याकडे नोव्हेंबरातही चालतं. शिवाय हेल्मेट नसलं की भरपाईच्या दाव्यात ट्रॅक्टरच्या विमा कंपनीच्या वकिलाला ‘अर्जदाराचाही निष्काळजीपणा’ म्हणायला जागा मिळते. त्या बिचाऱ्यालाही घर आहे.

औषधं घेताना पक्कं बिल मागू नका. मेडिकलवाला ओळखीचा असतो, कच्च्या चिठ्ठीवर दहा-वीस रुपये सोडतो. रॉड टाकायचा खर्च, इंजेक्शनं, धुळ्याच्या खेपा, सगळं मिळून माझे एक लाख वीस हजार गेले. त्यातली बिलं निघाली एकतीस हजारांची. बाकीच्या चिठ्ठ्या बायकोने डाळीच्या डब्यात जपल्या होत्या. एकीवर तर फक्त ‘नाना - 1850’ एवढंच.

आता वकील. तो तुम्ही शोधायचा नसतो, तो येतो. म्हणजे तो स्वतः येत नाही. बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला जाहिरात करायला आणि गिऱ्हाईक ओढायला मनाई आहे, म्हणून त्याचा माणूस येतो. माझ्या खाटेजवळ तो तिसऱ्या दिवशी आला, सोबत अर्धा डझन केळी. (केळीच्या मुलखात आजाऱ्याला केळी आणणाऱ्या माणसाची मला तेव्हाच शंका यायला हवी होती.) म्हणाला, "नाना, टेन्शन घेऊ नका. एक रुपया द्यायचा नाही. आले त्यातले तीस टक्के आमचे." दाव्याच्या रकमेत वकिलाने हिस्सा घ्यायचा नाही, असाही नियम आहे. पण नियम वकिलाला, माणसाला थोडाच आहे? मी वकीलपत्रावर सही केली, आणि खाली आणखी पाच कोऱ्या कागदांवर. तुम्ही सहा करा.

चुकूनही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची पायरी चढू नका. 1987 च्या कायद्याने तिथे बायकांना, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्न न विचारता आणि बाकीच्या गरिबांना मर्यादा बघून फुकट वकील मिळतो. फुकटच्या वकिलाला चहा पाजायचीही सोय नाही, त्यात काय प्रतिष्ठा?

घाईही करू नका. मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनंतर, 1 एप्रिल 2022 पासून, अपघाताच्या दिवसापासून सहा महिन्यांत दावा लावायचा असं लिहून ठेवलंय. त्या मुदतीवरून वाद थेट सुप्रीम कोर्टात गेला आहे, म्हणजे विषय मोठ्या लोकांचा आहे. पोलिसांनी 48 तासांत मोटार अपघात दाव्यांच्या न्यायाधिकरणाला पहिला अपघात अहवाल पाठवायचा, असंही आहे. पण पोलिसांना आधी अपघात कळायला तर हवा. आमची फिर्याद एकविसाव्या दिवशी गेली, कारण वीस दिवस गावातल्या जाणत्या मंडळींनी ढाब्यावर शेवभाजी खात तडजोडीची बोलणी केली. ट्रॅक्टरवाला पंधरा हजारांवर आला होता. शेवभाजीचं बिल आमच्याकडे.

उत्पन्नाचा मुद्दा मात्र नीट समजून घ्या, खरी कलाकारी इथे लागते. भरपाईचा हिशेब साधा असतो. वर्षाची कमाई, गुणिले वयाचा गुणक, गुणिले कमाईची क्षमता जितकी टक्के गेली तेवढे टक्के. गुणक सुप्रीम कोर्टाच्या 2009 च्या सरला वर्मा निकालातून येतो. माझं वय एक्केचाळीस, म्हणून चौदा. कमाईचं नुकसान वीस टक्के धरलं. आमच्या वकिलाने लिहिलं : ‘अर्जदार प्रगतिशील शेतकरी, मासिक उत्पन्न चाळीस हजार.’ वाचून माझी मान ताठ झाली. हिशेब आला तेरा लाख चव्वेचाळीस हजार. मी घरी येऊन मनातल्या मनात दोन खोल्या वर चढवल्या.

उलटतपासणीला कंपनीचे वकील उठले. बारीक, चष्मा, आवाज एकदम गोड.

"नाना, मुलीला शिष्यवृत्ती मिळते ना?"

"मिळते ना साहेब. हुशार आहे."

"छान. त्यासाठी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला तुम्हीच काढलेला?"

मी न्यायाधीशांकडे बघितलं. ते लिहीत होते. दाखल्यावर आकडा होता साठ हजार. महिन्याचा नाही, वर्षाचा. साठ हजार गुणिले चौदा गुणिले वीस टक्के, म्हणजे एक लाख अडुसष्ट हजार. वरच्या दोन खोल्यांपैकी जिन्याच्या चार पायऱ्या.

"आणि जमीन?"

"साडेतीन एकर."

"ती अपघातात गेली?"

"जमीन कशी जाईल साहेब?"

"म्हणजे जागेवरच आहे," ते म्हणाले, आणि टाइप करणाऱ्या बाईंनी ते माझ्याच तोंडचं म्हणून उतरवून घेतलं.

मग त्यांनी दवाखान्याचा केसपेपर काढला. निळी शाई अजून ताजी वाटत होती. मी पुतण्याकडे वळून बघितलं, तर तो बाहेर नळावर तोंड धूत होता. आमचा वकील बाकावरून हळूच म्हणाला, "डॉक्टरसमोर असं कशाला बोलला होता भो तुम्ही?" वास्तविक मी बोललो नव्हतो. मी तेव्हा आई गं म्हणत होतो.

म्हणून तुमचाही शेवट राष्ट्रीय लोकअदालतीत करा. तिथे तडजोड झाली की वर अपील नसतं, त्यामुळे संभाजीनगरच्या खंडपीठाच्या खेपा आणि तिथल्या लॉजचं भाडं वाचतं. मला एक लाख चाळीस हजारांवर सही कर म्हणाले, केली. कंपनीने पैसे भरलेही. तेव्हा मी वकिलाच्या त्या केळीवाल्या एजंटाला फोन करून "येऊन जा" म्हटलं, तो मोटारसायकलवर पाऊण तासात हजर. बँकेत गेलो तर कळलं, अर्जदार अल्पशिक्षित, पैसे उडवून टाकेल, या काळजीने त्यातले एक लाख तीन वर्षांच्या मुदत ठेवीत टाकायचा हुकूम आहे, मुदतीआधी मोडायची नाही. हातात आले चाळीस हजार, आणि ते उसनवारीत दारातच संपले.

एजंट काउंटरवर बराच वेळ पावती उलटीसुलटी करत उभा होता. तेव्हापासून दर सोमवारी त्याचा फोन येतो. नाना, बीपी बघितलं का, रात्रीचं शेतात जाऊ नका, पाय दुखतो का. पोळ्याला तर घरी आला आणि नवंकोरं हेल्मेट टेबलावर ठेवून गेला. आयएसआय मार्कचं, पक्क्या बिलासकट.