'बॅटरी काढायला सांगणं म्हणजे उगाच बाऊ' या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. लॅपटॉपचं वायफाय कार्ड काढण्याच्या माझ्या पोस्टवर (आधी बॅटरी सोडवा, मग अँटेनाच्या वायर अलगद काढा, शेवटी स्क्रू) तुमचे तीन आक्षेप आहेत: बॅटरी सोडवायला सांगणं म्हणजे बाऊ, स्क्रू आधी काढला तर कार्ड आपोआप वर येतं, मग वायर आधी कशाला, आणि 'अलगद ओढूनही' एका वायरचं टोक तुटलं.

तिसऱ्यात चूक माझी. 'वायर अलगद काढा' एवढ्यावर भागत नाही, कारण वायर ओढायचीच नसते. एम.2 कार्डवर (हल्लीच्या लॅपटॉपमधलं छोटं, स्लॉटमध्ये बसणारं कार्ड) वायरचं ते गोल टोक जेमतेम दोन मिलिमीटरचं, टिचबटणासारखं बसतं. आडवं ओढलं की मधली पिन वाकते, नाहीतर वायर टोकातून निसटते. प्लास्टिकची पातळ पट्टी धातूच्या कडेखाली, वायर जिथे शिरते तिथे सरकवायची आणि टोक सरळ वर उचलायचं. हे कनेक्टर साधारण 30 वेळाच काढण्या-घालण्यासाठी बनवलेले असतात, म्हणून 'बघू तरी' म्हणत खेळू नका.

स्क्रू शेवटी काढायचा तोही याच कारणाने. तो असेपर्यंत कार्ड आडवं आणि घट्ट असतं. काढला की ते स्लॉटमध्ये तिरकं उभं राहतं. तेव्हा वायरला दिलेला जोर थेट स्लॉटवर जातो. बसवताना क्रम उलटा: कार्ड, स्क्रू, मग वायर. टोक नेमकं मध्यावर धरून बोटाने दाबा, टक् झालं की बसलं. टक् झालं नाही तर जोर न लावता पुन्हा मध्यावर आणा.

बॅटरीबाबत मात्र मी ठाम आहे. लॅपटॉप बंद केला तरी स्लॉटला 3.3 व्होल्ट मिळत राहू शकतात, आणि तो चिमुकला स्क्रू घरंगळून नेमका बोर्डावर पडला की शॉर्ट होऊ शकतं. लेनोवोच्या थिंकपॅडसारख्या काही मॉडेलांत बायोसमध्येच (लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) आतली बॅटरी बंद करायची सोय आहे. फक्त नंतर चार्जर लावला की ती पुन्हा चालू होते.

कार्ड कायमचं काढणार असाल तर वायरच्या सुट्या टोकांना कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी टेप) गुंडाळा. साधी इन्सुलेशन टेप उष्णतेने चिकट होऊन सुटते. ब्लूटूथही जाईल, ते याच कार्डावर असतं.

तुटलेल्या टोकाला सोल्डरिंगचा डाग द्यायच्या भानगडीत पडू नका. वायर बिजागरीतून स्क्रीनच्या कडेपर्यंत जाते, त्यामुळे अँटेनाच बदलावी लागेल. तोवर उरलेली वायर 'मेन' किंवा 1 लिहिलेल्या जागी लावा. वेग आणि रेंज कमी होईल, पण बहुतेक कार्डं चालतात.