आधी दक्षिणा, मग पूजा

क्रूझवर निघालात? छान. फोंड्याच्या मासळी बाजारात वीस रुपयांसाठी बांगड्यांचा वाटा दोनदा खाली ठेवून निघून जायचं नाटक करणारे आपण, समुद्रावर चार रात्री झोपायला लाख-दोन लाख एका दमात मोजतो, ही प्रगतीच म्हणायची. आता चार उपयोगाच्या गोष्टी ऐका. मी एकदा जाऊन आलो आहे, म्हणजे आमच्या वाड्यावर तरी या विषयातला मी तज्ज्ञ आहे.

तिकिटाच्या कागदावर ‘ग्रॅच्युइटी’ हा शब्द दिसला तर हुरळून जाऊ नका. ही निवृत्त झाल्यावर मिळते ती नव्हे. ही आपण द्यायची. रोज, माणशी, साधारण 16 ते 20 डॉलर, आणि मागायला कुणी येत नाही, तुमच्या खोलीच्या खात्यातून ती आपोआप वळती होते. नातू दिवसभर आइस्क्रीमवर राहिला तरी त्याच्याही नावे. आम्ही चौघे सिंगापूरहून चार रात्रींसाठी निघालो होतो. 18 डॉलरच्या हिशेबाने 288 डॉलर झाले, म्हणजे 24 हजारांच्या आसपास. एजंटाने ‘सर, सगळं इनक्लुडेड’ असं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. त्याच्या छातीला मी दोष देत नाही.

तुम्ही म्हणाल, बक्षिशी म्हणजे खूश होऊन द्यायची वस्तू. अजून जहाज धक्क्याला आहे, बॅगा खोलीत पोचलेल्या नाहीत, मग मी खूश झालो हे यांना कुणी सांगितलं? असे जुनाट प्रश्न विचारू नका. भटजींनी पाटावर बसायच्या आधी दक्षिणा मागितली तर आपण चार घरं सांगत सुटतो, पण तीच गोष्ट पांढऱ्या गणवेशातल्या माणसाने इंग्रजीत केली की तिला व्यवस्था म्हणतात. बारमध्ये जाल तर व्यवस्था आणखी पक्की. तिथे प्रत्येक पेल्यावर 18 ते 20 टक्के आधीच चढलेले असतात. बारवाला तुमच्याशी गप्पा मारो, नाहीतर तुमच्याकडे पाठ करून बाटल्या पुसो. सगळे घोडे बारा टक्के ही म्हण जहाजावर महागाईप्रमाणे अठरावर गेली आहे, एवढंच. आणि पावतीवर त्याखाली ‘अतिरिक्त टीप’ म्हणून एक रिकामी रेघ असते. ती रेघ फार केविलवाणी दिसते. तिच्याकडे बघू नका.

पूर्वी असं नव्हतं. शेवटच्या संध्याकाळी खोलीत कोरी पाकिटं यायची: एक खोली आवरणाऱ्याचं, एक वेटरचं, एक त्याच्या मदतनिसाचं. जेवणाच्या टेबलावर ती हातात ठेवायची. आपल्यासारख्या सुज्ञांनी त्यावर तोडही काढली होती. शेवटच्या रात्री ‘पोट जरा जड आहे’ म्हणून त्या हॉलमध्ये फिरकायचंच नाही, वरच्या मजल्यावर बुफेला जाऊन गपचूप जेवायचं. मग 2000 साली नॉर्वेजियन क्रूझ लाइनने हवं तेव्हा, हवं तिथे जेवायची मुभा दिली. टेबलही रोज वेगळं, वेटरही वेगळा. पाकीट कुणाच्या हातात ठेवणार? मग रोजची रक्कम थेट खात्यावर टाकायची पद्धत रुळत गेली आणि बाकीच्या कंपन्याही त्या वाटेने गेल्या. पोट जड होण्याचा रोग एका झटक्यात बरा झाला.

सेवेवर याचा काय परिणाम होतो, हा तुमचा खरा प्रश्न. परिणाम उत्तम. महासाथीनंतर नॉर्वेजियन आणि रॉयल कॅरिबियन यांनी साध्या खोल्या दिवसातून दोनदा आवरायच्या त्या एकदाच आवरायचं ठरवलं, आणि त्यानंतर वर्षभरातच रोजची टीप वाढवली. यात विसंगती शोधू नका. खोलीत माणूस जितका कमी येईल तितका तुम्हाला एकांत जास्त, आणि एकांताचे पैसे नकोत का?

आमच्या खोलीचा पोरगा तरी रोज पलंगावर टॉवेलचा एक प्राणी करून ठेवायचा. पहिल्या दिवशी हत्ती, त्याच्या नाकावर माझाच चष्मा. बायकोने चार बाजूंनी फोटो काढले. त्या पोराला मी वेगळे काही द्यावेत असं तिचं मत पडलं, आणि 288 मधून त्याला मिळतातच की, असं माझं. मिळतात किती, हे मला ठाऊक नव्हतं. त्यालाही नेमकं ठाऊक नसावं. पण चर्चा तिथेच थांबली. आपोआप टिपेचा सगळ्यात मोठा फायदा हाच, की न देणाऱ्याला एक सभ्य वाक्य तयार मिळतं.

आता मुख्य सल्ला. ही टीप कमी करता येते, कित्येक कंपन्यांत पूर्ण काढताही येते. शेवटच्या रात्री स्वागतकक्षात जायचं आणि सांगायचं. पण रांग असते, तेव्हा मन तयार ठेवा. माझ्या पुढे आपल्याकडचेच एक गृहस्थ होते. चारही दिवस मधल्या टेबलावर बसून लॉब्स्टर दुसऱ्यांदा मागवणारे. बायकोला सांगत होते, “अगं, पैशाचा प्रश्न नाही, तत्त्वाचा आहे.” तत्त्व नेहमी शेवटच्या रात्रीच जागं होतं, हे लक्षात ठेवा. पहिल्या रात्री जागं झालं तर चार दिवस त्या वेटरच्या नजरेला नजर द्यावी लागते. हत्ती गेला आणि शेपूट अडलं, असं कुणी म्हटलंच तर सांगा, हत्ती टॉवेलचा होता.

कायदा काढायचा मोह होईल. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी सांगून ठेवलं आहे, की हॉटेलांनी बिलात सेवाशुल्क आपोआप लावायचं नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने 28 मार्च 2025 रोजी ते उचलून धरलं. पणजीच्या हॉटेलात हे जरूर म्हणून दाखवा, शेजारच्या टेबलापर्यंत ऐकू जाईल असं. जहाजावर मात्र अडचण अशी, की कंपनी अमेरिकेतली, निशाण बहामाचं नाहीतर पनामाचं, पाणी कुणाचंच नाही आणि काउंटरवरची मुलगी मनिलाची. मी दोन वाक्यं बोलून पाहिली. तिने मान एका बाजूला कलती करून ऐकून घेतलं, मग गोड हसून विचारलं, “सर, सेवेत काही उणीव राहिली का?” इथेच खरी पंचाईत. उणीव राहिली नव्हती. खोटं बोलायचं तर टॉवेलवाल्या पोराचं नाव घ्यावं लागणार होतं. मी “नाही, सहज विचारलं” म्हणून परत आलो, आणि बायकोला सांगितलं की रांग फार मोठी होती.

या सगळ्याची दुसरी बाजू मला चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला कळली. शेजारचा मुलगा ‘बोटीवर’ आहे. गोव्यात दर चार घरांआड एक तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारा, असतोच, त्यातला हा. मी त्याला सातवीत गणित शिकवलं आहे, म्हणून अजून ‘सर’ म्हणतो. आठ महिन्यांचं कंत्राट संपवून आला होता. त्या आठ महिन्यांत आठवड्याची म्हणून एक सुट्टी नाही, रोज दहा-अकरा तास. आंतरराष्ट्रीय सागरी कामगार कराराप्रमाणे आठवड्याला कमाल 72 तास काम किंवा किमान 77 तास विश्रांती, यांपैकी एक मर्यादा प्रत्येक देशाने ठरवायची असते. हा करार 20 ऑगस्ट 2013 पासून लागू आहे. दिवसाला दहा तासांहून जास्त होतात हो, पण कायद्यात आहे. त्याची आई म्हणाली, घरी आल्यापासून कपाटातले सगळे पंचे याने हत्ती करून ठेवले आहेत, आंघोळीला एक सापडत नाही.

मी त्याला विचारलं, पाकिटं बरी होती की ही आपोआप? त्याचा काका जुन्या काळात बोटीवर वेटर होता. काका सांगायचा, पाकिटांच्या दिवसांत माणूस टेबलावर बसताक्षणी वेटरला त्याचा पासपोर्ट कळायचा. अमेरिकी आला की खुर्ची ओढायला दोघे धावायचे. आपला आला की एकमेकांकडे बघायचे. धुलाईखात्यात आणि भांड्यांवर राबणाऱ्यांना तर पाकीट कधी दिसलंच नाही. आता सगळं एका डब्यात पडतं आणि वाटलं जातं, म्हणून आपल्या माणसालाही पाणी वेळेवर मिळतं. तेव्हा तुम्हाला जहाजावर जो मान मिळाला तो तुमच्या व्यक्तिमत्त्वामुळे, असा समज असेल तर तो तसाच राहू द्या.

आणि कुणी ते टिपेचे पैसे काढून घेतले तर? तो हसला. काही कंपन्यांत तर काढून घेणाऱ्याने नंतर रोख दिले तरी ते डब्यात जमा करावे लागतात. पगार मुळात तुटपुंजा, वरचं पोट टिपेवर. कंपनी जाहिरातीत म्हणते आमच्या कर्मचाऱ्यांचं कौतुक करा. आयजीच्या जिवावर बायजी उदार. ब्रिटनच्या पी अँड ओ कंपनीने 2019 साली ही रोजची टीप बंद करून भाड्यातच धरली, म्हणजे जमत नाही असं नाही.

“पण सर, टिपेचें भंय ना. भंय फॉर्माचें.” प्रवास संपला की तुम्हाला मेल येते: सेवा कशी वाटली, एक ते दहा. आपण शाळेतली माणसं. मी आयुष्यात कुणाला दहापैकी दहा दिलेले नाहीत, निबंधाला तर नाहीच. त्या टॉवेलवाल्या पोराला मी मोठ्या मनाने नऊ दिले होते.

“णव म्हळ्यार नापास, सर,” तो म्हणाला.

मी विषय बदलला. त्याच वेळी भटजी आले. आमच्या वाड्यावरची अकरा घरं त्यांना दुपारच्या आत उरकायची होती. गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली उभे राहून त्यांनी घाम पुसला, पिशवीतून पोथीच्या आधी एक प्लास्टिकचं कार्ड काढलं आणि चौरंगाला टेकवून ठेवलं. त्यावर क्यूआर कोड होता. “घाई नाही,” ते म्हणाले, “पण नंतर गडबडीत राहून जातं.”

मी फोन शोधायला लागलो. कोपऱ्यात पंचाचा हत्ती घडी घालत बसलेल्या आमच्या तारवट्याने मान वर न करता विचारलं, “भटमामा, हातूंत सर्व्हिस चार्ज आसा, काय वेगळो?”