तीन खुर्च्या पलीकडे

युनिव्हर्सिटीच्या ओपन डेला, म्हणजे प्रवेशाआधी पोरं-पालक कॅम्पस बघायला जातात त्या दिवशी, निघतानाच पोराने बजावलं होतं, बाबा तू तिथे काही विचारायचं नाहीस. मी एकच प्रश्न विचारला हो. "पहिल्या वर्षाला शिकवतं कोण, प्रोफेसर स्वतः की पीएचडी करणारी पोरं?" बस्स. तर हा उठला आणि तीन खुर्च्या पलीकडे जाऊन बसला, ओळखच नाही जशी! 17 वर्षं पोसलंय त्याला. स्टेजवरच्या बाईंनी "छान प्रश्न" म्हणून जिमची स्लाइड लावली ते वेगळंच.

रिकाम्या खुर्चीत एक गृहस्थ येऊन टेकले. मांडीवर लॅमिनेट केलेला तक्ता, त्यात 42 रकाने (मोजले मी, वेळच वेळ होता). "रँकिंग बघितलंत का?" म्हटलं, थोडंफार. "थोडंफार??" पोराला लसच टोचली नाही म्हटल्यासारखे बघायला लागले. मग सुरू, ही घसरली, ती चढली. मी म्हटलं अहो, त्या जगभरच्या युनिव्हर्सिट्यांची यादी लावणाऱ्या क्यूएसवाल्यांकडे प्राध्यापक मंडळींच्या नुसत्या मताला आधी 40 टक्के वजन होतं, 2024 च्या यादीपासून 30 केलं, म्हणजे पेपर तेच, मार्कांची वाटणीच बदलली, मग जागा वरखाली होणारच ना! त्यांनी शांतपणे पेन काढलं आणि 43 वा रकाना आखला. मग सरासरी पॅकेज. एकाला घसघशीत मिळालं की अख्ख्या वर्गाची सरासरी फुगते, मधल्या पोराला काय मिळालं ते विचारा, हे ओठांवर आलं होतं पण गिळलं आणि विचारलं, मुलगा की मुलगी?

"मुलगी. चौथीत आहे."

ती शेजारीच बसून ब्रोशरच्या मागे मांजर काढत होती. मांजर बरं जमलं होतं.

हसू येतं पण चीडही येते राव. 60 पानी ब्रोशर, पानोपानी हिरवळीवर दात काढणारी पोरं, आणि पहिल्या वर्षानंतर कितीजण सोडून गेले ते एका ओळीतही नाही. मी स्वतः मित्र गेला म्हणून त्याच्या मागे त्याच कॉलेजात गेलो होतो, तो मित्र सहा महिन्यांत दुसरीकडे पळाला, त्यामुळे मला फार बोलायचा हक्क नाही म्हणा.

परतताना पोरगं आपणहून बोललं. "मला हेच आवडलं. कॅम्पस दाखवणारा दादा पहिल्या वर्षी मॅथ्समध्ये उडाला होता, मॅडमनी स्वतः रोज बसवून घेतलं म्हणे त्याच्याकडून."

"अरे, मग मी हेच तर विचारत होतो!"

"हो, पण माइकवर."