व्हायरस म्हणजे विष नव्हे हो!
एका लेखात "व्हायरस हे एक प्रकारचं विषच" असं लिहिलंय ते वाचून थांबलोच. लॅटिनमध्ये virus शब्दाचा अर्थ विष होता हे खरं, पण नावावर जाऊ नका ना. विष स्वतःची संख्या वाढवत नाही, जेवढं पोटात गेलं तेवढंच, व्हायरस मात्र पेशीत घुसून तिच्याकडूनच स्वतःच्या कॉप्या काढून घेतो.

1898 मध्ये बायरिंक या डच शास्त्रज्ञाने हेच तर दाखवलं, रोगट तंबाखूच्या पानांचा रस बारीक फिल्टरमधून गाळला, तो निरोगी झाडाला दिला, मग त्या झाडाचा रस पुढच्याला, असं करत गेला तरी रोग काही कमी होईना, नुसतं विष असतं तर पातळ होत होत संपलं असतं की!

म्हणून आजार सुरू व्हायच्या वेळेतही फरक पडतो. स्टॅफिलोकोकस या जिवाणूचं विष आधीच अन्नात तयार असतं त्यामुळे काही तासांतच उलट्या सुरू, आणि अन्न पुन्हा उकळलं तरी जंतू मरतात, ते विष तसंच राहतं (हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं). उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसला साधारण 12 ते 48 तास लागतात, आणि तो घरातल्या बाकीच्यांनाही धरतो, विषाने आजारी पडलेल्याकडून तसं होत नाही.

आणि प्लीज, या दोन्हीत स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक घेऊ नका, ते ना व्हायरसवर चालतं ना तयार विषावर. धनुर्वाताची लस तर जंतूविरुद्ध नाहीच, त्याच्या विषाविरुद्ध असते, लेखात हे यायला हवं होतं.